मोकळं मैदान मोकळं कसं राहतं: शिवाजी पार्कची गोष्ट

बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा दादरला आला आणि त्याला शिवाजी पार्कात नेलं, की तो हमखास विचारतो, "पण पार्क कुठंय?" त्याच्या डोळ्यांसमोर कारंजं, फुलांचे ताटवे, रंगवलेली बाकडी असतात. समोर दिसतं ते भलंमोठं, लालसर मातीचं, मधोमध एकही झाड नसलेलं मैदान. कडेने जुन्या रेन ट्रींची सावली, त्या सावलीत बुटका कट्टा, आणि आत एकाच वेळी चाललेले सात-आठ खेळ.

पाहुण्याचं काही चुकत नाही. नावात पार्क असलं तरी ही जागा मैदान आहे, आमच्या बोलण्यातही आणि सरकारी कागदावरही. उद्यान आणि मैदान यांत फरक असतो. उद्यानात काय करायचं हे आधी ठरलेलं असतं: चाला, बसा, फुलं तोडू नका. मैदानात काहीच ठरलेलं नसतं. सकाळी तिथे नेट लागतात, दुपारी शाळेची कवायत होते, संध्याकाळी आजोबा फेऱ्या मारतात, आणि वर्षातल्या एखाद्या रात्री तिथून महाराष्ट्राचं राजकारण वळण घेतं. सुमारे २८ एकरांची ही मोकळी जागा दादरसारख्या दाट वस्तीत शंभर वर्षं टिकली. ती आपोआप टिकलेली नाही. त्यासाठी काय काय लागतं, ते मला इथे सांगायचं आहे.

माहीम पार्क ते शिवाजी पार्क

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं किड्यामुंगीसारखी मेली, हजारोंनी शहर सोडलं. दक्षिणेकडच्या कोंदट, अंधाऱ्या चाळींमध्ये हवा नाही, उजेड नाही, सांडपाण्याला वाट नाही, हे तोवर सगळ्यांना दिसत होतं. प्लेगने ते सरकारच्या मानगुटीवर बसवलं. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, आखलेले भूखंड, घरांमध्ये अंतर आणि मधे मोकळी जागा, अशी आखणी दादर-माटुंग्याच्या बाजूला सुरू झाली. तोवर हा भाग म्हणजे भातखाचरं आणि माहीमच्या माडांच्या वाड्या.

शहर उत्तरेला सरकत असताना १९२५ मध्ये महापालिकेने समुद्राच्या अलीकडचं हे मैदान लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, ते शिवाजी पार्क झालं. त्या काळी शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ मानत, म्हणून हे जन्माचं त्रिशताब्दी वर्ष. नावाचा आग्रह धरला तो नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. मुंबई महापालिकेत निवडून गेलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. चंपारणमध्ये गांधीजींसोबत काम केलेल्या, त्यांचं चरित्र मराठीत लिहिणाऱ्या बाई. आज मैदानाच्या नावावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत, पण ज्या बाईंमुळे ते नाव मिळालं त्यांची आठवण मैदानावर फारशी कोणी काढत नाही. मला हे नेहमी खटकतं. २०२० मध्ये महापालिकेने नाव 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असं केलं. लोकांच्या तोंडी मात्र 'पार्क'च. "पार्कात जाऊन येतो" म्हटलं की दादरकराला दुसरं काही सांगावं लागत नाही.

भोवतालच्या इमारती मुख्यतः १९३० आणि ४० च्या दशकांतल्या. दोन-तीन मजली, गोलाकार बाल्कन्यांच्या, जवळपास एकाच उंचीच्या. गिरगावातली बरीच मध्यमवर्गीय मराठी घरं इकडे आली. शाळा आल्या, व्यायामशाळा आल्या, वाचनालयं आली. मैदान आणि वस्ती अशी बरोबरीने वाढली, त्यामुळे भोवतालच्या लोकांना ते आपल्याच अंगणासारखं वाटतं. पुढे जे तंटे झाले त्यांचं मूळ याच आपलेपणात आहे. अंगण मोठं आहे, आणि त्यावर हक्क सांगणारे फक्त शेजारी नाहीत.

गर्दीची जागा

९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झालेला. पहाटे गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा ठरलेली होती. कस्तुरबांनी सांगितलं, सभा मी घेईन. सभेला निघण्याआधीच त्यांनाही अटक झाली. त्यानंतर कस्तुरबा मोकळ्या हवेत परत आल्याच नाहीत. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच त्या गेल्या. न झालेल्या त्या सभेचा पार्कच्या आठवणीत फारसा उल्लेख येत नाही, पण हे मैदान शहराचं व्यासपीठ झालं होतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे. शाहीर अमर शेखांचा आवाज. गिरणगावातून कामगार पायी यायचे, दादर-माहीमची बिऱ्हाडं बायकापोरांसह यायची. त्या सभांना मैदान का लागायचं, हे आज टीव्हीसमोर बसून कळणार नाही. सभागृहात पाचशे माणसं बसतात आणि दारावर कोणीतरी उभं असतं. मैदानाला दार नसतं. चळवळ किती मोठी आहे, हे विरोधकाला आणि सरकारला मोजता यावं अशी ती एकच जागा होती. १ मे १९६० रोजी राज्य झालं. आजही महाराष्ट्र दिनाचं संचलन इथेच होतं.

१९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाळासाहेब ठाकरे यांनी इथे पहिला मेळावा घेतला. छोट्या सभागृहाने भागेल, असं सांगणारे तेव्हा होते, मैदान भरलं. तेव्हापासून दसरा मेळावा आणि शिवाजी पार्क हे समीकरण झालं. याच वर्षी लोकवर्गणीतून महाराजांचा अश्वारूढ पुतळाही उभा राहिला. त्यात महाराजांच्या उगारलेल्या हातात तलवार नाही. हात पुढे केलेला आहे, वाट दाखवणारा. जाता-येता पुतळा पाहणाऱ्या कितीतरी जणांच्या हे लक्षात आलेलं नसतं, एकदा थांबून बघा.

१९९५ मध्ये मनोहर जोशींनी मुख्यमंत्रिपदाची शपथ राजभवनाऐवजी इथे घेतली, २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनीही. राज ठाकरे यांच्या पक्षाचा गुढीपाडवा मेळावाही इथलाच. काँग्रेसच्या, भाजपच्या सभाही झाल्या आहेत. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेबांवर आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकरांवर याच मैदानात अंत्यसंस्कार झाले. खेळाच्या मैदानावर चिता रचली जावी, ही साधी गोष्ट नाही. शहराने ती दोनदा मान्य केली.

वर्षाचे ४५ दिवस

आता कायद्याकडे. मैदान मोकळं राहतं यामागचं खरं यंत्र हे आहे.

शहराचा एक विकास आराखडा असतो. त्यात प्रत्येक जागेपुढे लिहिलेलं असतं की ही कशासाठी राखीव: शाळा, रुग्णालय, बाजार, उद्यान, मैदान. एकदा 'खेळाचं मैदान' असं आरक्षण पडलं की तिथे दुसरं काही करायचं तर ते तात्पुरतं असलं पाहिजे, आणि त्यासाठी महापालिकेची परवानगी हवी. शिवाजी पार्कसाठी ही तात्पुरती मुभा वर्षाला ४५ दिवसांची आहे. बाकीचे ३२० दिवस खेळाचे. २६ जानेवारी, १ मे, ६ डिसेंबर, दसरा मेळावा हे सगळं त्या ४५ मध्येच बसवायचं. उरलेल्या दिवसांसाठी राजकीय पक्ष, धार्मिक मंडळं, सांस्कृतिक संस्था महापालिकेच्या जी उत्तर विभागात अर्ज घेऊन उभ्या.

यात एक मेख आहे. सभा असते तीन तासांची, पण मैदान तीन तासांत मोकळं होत नाही. व्यासपीठ, मांडव, बांबूंची कठडी, दिव्यांचे मनोरे, ध्वनिवर्धक, खुर्च्या हे सगळं आधी आणायचं आणि नंतर न्यायचं. २०२२ मध्ये शिवसेनेचे दोन गट झाले, दोघांनीही दसऱ्यासाठी मैदान मागितलं, महापालिकेने कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन दोघांनाही नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली. मेळावा होता ५ ऑक्टोबरला. मैदान मिळालं २ ते ६ ऑक्टोबर. एका संध्याकाळचे पाच दिवस झाले. आता ४५ ला पाचाने भागून बघा, म्हणजे हे ४५ दिवस किती थोडे आहेत आणि त्यांच्यासाठी एवढी ओढाताण का होते, ते कळेल.

दुसरं बंधन आवाजाचं. रहिवाशांच्या एका संस्थेच्या याचिकेवर २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पार्क परिसर शांतता क्षेत्र ठरवला. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा म्हणजे शांतता क्षेत्र. तिथे दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४० ही आवाजाची मर्यादा. ५० डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसं घरात शांतपणे बोलत असावीत इतपत. सभेतली एक घोषणादेखील त्यात मावत नाही. म्हणून काही दिवसांपुरती सरकारकडून सूट घ्यावी लागते, अटी पडतात, मोजणी होते आणि कधीकधी गुन्हेही नोंदले जातात.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि हे मी तडजोड म्हणून लिहीत नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे त्याला खिडक्या थरथरवणारे भोंगे सोसवत नाहीत, हे खरं. आणि ज्या शहरात सामान्य माणसाला लाखाने एकत्र जमायला जागाच उरली नाही ते शहर मुकं होतं, हेही तितकंच खरं. ४५ हा आकडा काही पवित्र नाही. पण आकडा आहे, तो सगळ्यांना सारखा लागू आहे आणि त्याच्यासाठी न्यायालयात जाता येतं, याला मी फार मोल देतो.

६ डिसेंबर

मैदानाच्या पश्चिमेला पाच-सात मिनिटं चाललं की चैत्यभूमी. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी लाखो माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, कर्नाटकातून, मिळेल त्या गाडीने. बहुतेक जण चार तारखेपासूनच यायला लागतात आणि त्यातले कितीतरी मुक्कामाला असतात ते पार्कात.

आता विचार करा, लाखो पाहुणे दोन-तीन रात्रींसाठी येणार, त्यातल्या बहुतेकांकडे हॉटेलचे पैसे नाहीत आणि त्यांना आमंत्रणही कोणी दिलेलं नाही. ती श्रद्धेने येतात. शहराने त्यांना कुठे ठेवायचं? पार्कात मांडव पडतात. नळांच्या रांगा, फिरती शौचालयं, टँकर, आरोग्यकक्ष, मोबाइल चार्जिंगच्या पट्ट्या, हरवलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक. संघटना जेवण देतात. ओळ लागते, ती शांत असते.

आणि पुस्तकं. मी कुठल्याही साहित्य संमेलनात इतकी पुस्तकं विकत घेणारी माणसं पाहिली नाहीत. ताडपत्रीवर, फळ्यांवर, नुसत्या चादरीवर मांडलेली पुस्तकं: बाबासाहेबांचे खंड, बुद्धचरित्रं, संविधान, फुल्यांचे ग्रंथ, कवितेच्या पातळ पुस्तिका. एका वर्षी एक म्हातारी आजी एका स्टॉलसमोर उकिडवी बसली होती. कंबरेची पिशवी सोडून तिने नोटा मोजल्या, संविधानाची मराठी प्रत उचलली आणि शेजारच्या पोराला म्हणाली, "बाळा, हेच ना ते? मला वाचता येत नाही. नातीला न्यायचंय." पोराने मुखपृष्ठ वाचून दाखवलं. तिने पुस्तक पदरात गुंडाळून बोचक्याच्या अगदी तळाशी ठेवलं, भाकरीच्याही खाली.

या दिवसांत गैरसोय होते, रस्ते बंद होतात म्हणून तक्रार करणारे शेजारी मी ऐकले आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो, की एकदा पाच तारखेच्या रात्री मैदानात फेरी मारून या.

खेळ, आणि खेळाची माती

उरलेल्या दिवसांचं पार्क म्हणजे क्रिकेट, असं बाहेरच्यांना वाटतं, आणि ते चूक नाही. अजित वाडेकर, संदीप पाटील, सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर ही नावं या मातीशी जोडलेली आहेत. रमाकांत आचरेकर सरांचं नेट इथलं. सचिन दमला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करेल त्या गोलंदाजाला ते मिळायचं, आणि कोणीच बाद करू शकलं नाही तर सचिनला. ती नाणी त्याने जपून ठेवली आहेत.

इथला खेळाडू वेगळा का घडतो, याचं उत्तर मैदानाच्या गर्दीत आहे. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. कुठून कोणता चेंडू येईल सांगता येत नाही. आपला चेंडू, आपला गोलंदाज, एवढंच डोळ्यांत ठेवायची सवय बाराव्या-तेराव्या वर्षीच लागते. आणि जमिनीलगत मारायचं, कारण हवेत मारला तर झेल कोणीही घेतो, भलत्या सामन्यातला सुद्धा.

पण क्रिकेटच्या पलीकडे बघा. मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, पार्कइतकंच जुनं. तिथे मल्लखांब चालतो. पुरलेला, टांगता आणि दोरीचा. पुरलेल्या खांबाला एरंडेल चोळतात. त्याचा एक जडसर वास संध्याकाळी त्या कोपऱ्यात भरून असतो. सात-आठ वर्षांची मुलगी दोरीला पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडून वर सरकते आणि उलटी होऊन हात सोडते, तेव्हा कट्ट्यावरचे लोक बोलणं थांबवतात. इथे दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला गेला आहे. अंग खांबाला चिकटलेलं असतं, स्पर्शावर सगळं चालतं, म्हणून ते शक्य होतं. या संस्थेचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये झाली, तीही पार्कातच.

आणि मग माती. हिवाळ्यात पार्कभोवतीच्या घरांत टेबलावर बोट फिरवलं की लाल होतं. खिडक्या बंद, पडद्यांवर थर, दम्याच्या माणसांचे हाल. ही धूळ येते कुठून? क्रिकेटच्या विकेटला चिकट, बारीक कणांची माती लागते. पाणी मारून रोलर फिरवला की ती दगडासारखी घट्ट बसते. सुकली आणि तिच्यावर हजारो पावलं पडली की तीच माती पिठासारखी होते. पावसाळ्यात गवत वर येतं, पाऊस गेला की तुडवलं जातं. थंडीत मुंबईची हवा जड होऊन जमिनीलगत साचते, धूळ वर जाऊन विखुरत नाही, ती आमच्या घरांत येते. गेल्या काही वर्षांत महापालिकेने पावसाचं पाणी मुरवण्याची व्यवस्था केली, गवत लावून पाहिलं, पाण्याचे फवारे मारले. वरून घातलेली लाल मातीच काढून टाका, अशी रहिवाशांची मागणी आहे. गवत टिकवायचं तर मैदानाला काही महिने विश्रांती हवी. आणि ३२० दिवस खेळ, ४५ दिवस मांडव असलेल्या मैदानाला ती द्यायची कोणी?

कडेने आत

मैदान एका दिवसात कोणी बळकावत नाही. अतिक्रमण कडेकडेने आत सरकतं. पुतळा, जिमखाना, व्यायामशाळा, वाचनालय, देऊळ, नाना-नानी पार्क, स्मृतिस्थळ. यातली बहुतेक मला प्रिय आहेत. २०२४ च्या डिसेंबरात आचरेकर सरांचं स्मारक झालं, तेव्हा मलाही बरं वाटलं. पण प्रत्येक गोष्ट कायमची आहे. सभेचा मांडव सहाव्या दिवशी निघतो, चौथरा निघत नाही. लताबाईंच्या स्मारकाची मागणी पार्कासाठी सुरू झाली तेव्हा त्यांचे बंधू हृदयनाथ मंगेशकर यांनी कुटुंबाची तशी इच्छा नसल्याचं स्पष्ट सांगितलं. मैदानावर याहून मोठे उपकार कोणी केले असतील असं मला वाटत नाही.

भोवतीचा कट्टा साधारण बाराशे मीटरचा. गुडघ्याएवढा. त्याच्यावर बसता येतं, आणि मांडी उचलली की आतही जाता येतं. त्यापेक्षा उंच भिंत बांधली असती तर दारं करावी लागली असती, दारांना कुलपं लागली असती, कुलपांना वेळा आणि वेळांना तिकीट. आज पहाटे पाचला येणारा दूधवाला आणि रात्री अकराला पेपरच्या सुरळीत दाणे घेऊन बसलेलं जोडपं, दोघांनाही कोणाला विचारावं लागत नाही.

मागच्या वर्षी ८ डिसेंबरला सकाळी फेरी मारत होतो. मांडव निघाले होते. झाडूवाल्या बायका कागद गोळा करत होत्या. मैदानभर बांबूंची भोकं, मनगट जाईल एवढी, दोन-दोन हातांवर. एक माणूस घमेल्यात माती घेऊन एकेका भोकाशी बसत होता. माती ओतायचा, टाचेने दाबायचा, वर तांब्याभर पाणी, पुन्हा टाच. त्याच्या मागोमाग दोन मुलं किट ओढत येत होती. "काका, इथे लावू का नेट?" तो म्हणाला, "अर्धा तास थांबा रे, ओली आहे." मुलं कट्ट्यावर बसली आणि पॅड बांधायला लागली.